वाढत्या अंगाची घोडी

माझ्या घोडीला जगातलं कुठलंच खोगीर धड बसत नाही, हे मी आता भांडण न करता सांगू शकते. आधी जमत नव्हतं. आधी मी खोगीर विकणाऱ्यांना, फोनवरून फुकटचे सल्ले देणाऱ्यांना आणि मुख्य म्हणजे माझ्या बाबांना तोंडाला येईल ते बोलत असे.

घोडी वरातीतली. नवरदेव ट्रॅक्टरवर आणि जेसीबीत बसून यायला लागले, तिला काम उरलं नाही, म्हणून एका बँडवाल्यानं ती मला विकली. मी राहते बोरगाव मेघेत, फ्लॅटमध्ये. तिथं घोडी कुठं बांधणार? ती आंजीला बाबांच्या वावरात, फुलकोबीच्या वाफ्यांशेजारी, बैलांच्या गोठ्यात राहिली. आई गेल्यापासून मी आंजीला पोळ्याला आणि दिवाळीला तेवढी जायचे. आता दर रविवारी जायला लागले.

कॉलेजात एनसीसीत असताना मी नागपूरला घोड्यावर बसायला शिकले होते. तिथल्या उस्तादांनी आम्हाला ड्रेसाज दाखवलं होतं. म्हणजे लगाम न ओढता, नुसत्या मांडीच्या आणि कमरेच्या इशाऱ्यावर घोड्याला गोल, तिरपं, जागच्या जागी चालवायचं. ते डोक्यात जे शिरलं ते नोकरी लागली, लग्न झालं तरी गेलं नाही. आणि ही बया तर डीजेपुढं जागच्या जागी पाय उचलून अशी नाचायची, की बाहेरच्या देशांत लोक त्यासाठी घोड्याला वर्षानुवर्षं शिकवतात. मला वाटलं, अर्धं काम झालंच आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे तिची पाठ. मानेच्या मुळाशी हा एवढा उंचवटा, मागं सैल पडलेल्या बाजेसारखा खोलगटपणा, आणि जन्मभर एकाच बाजूला मुरडत नाचल्यामुळं डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला. पहिलं खोगीर नागपूरच्या घोडेस्वारीच्या क्लबातून मागून आणलं, ते पुढं रुतलं. ऑनलाइन मागवलेलं चार पावलांत शेपटीकडं निघालं, सोबत मीही. बाबांनी त्याच्याखाली गोधडी घालून दिली, तर घोडीची पाठ सुजली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुजली तर बसायचं कायमचं विसरा. नीट मापाचं खोगीर आणा, नाहीतर आणूच नका.

बाबांनी त्याच दिवशी निकाल दिला. "हे पाय बाई, उभ्या जनावराले मी पोसत नाई. तुळशीच्या लग्नापर्यंत तू तिच्यावर बसली तं बसली. नाई तं घोडी वापस." आणि नुसतं बोलून थांबले नाहीत, बँडवाल्याला फोनही करून टाकला. त्यालाही ती परत हवीच होती, कारण रीलच्या नादानं नवरदेव पुन्हा घोडी मागायला लागले होते. तुळशीचं लग्न झालं की इतरांची लग्नं सुरू, आणि ती पुन्हा जरीची झूल पाठीवर घेऊन फटाक्यांत नाचणार.

शेवटी कानपूरचा एक कारागीर सापडला. तो म्हणाला, वाकणारी तार घोडीच्या पाठीवर दाबा, तिचा आकार कागदावर उतरवा आणि पाठवा. ड्रेसाजचं खोगीर खोल बैठकीचं असतं, आतला सांगाडा एकदा बनला की बदलत नाही, तेव्हा माप चोख पाहिजे. मी रविवारची अख्खी दुपार जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघोट्या ओढल्या. सोमवारी मला ऑफिस होतं. कुरिअर करायचं काम मी बाबांवर सोपवलं, कारागिराचा नंबरही त्यांच्याकडं देऊन ठेवला. इथं माझी मती मारली गेली होती, दुसरं काय.

खोगीर आलं ते पोळा होऊन गेल्यावर. काळंभोर, मऊ, वासानंच जीव सुखावला. घोडीवर ठेवलं आणि पुढून हात घातला, तर माझी मूठ आरपार गेली. मी तिथूनच कानपूरला फोन लावला आणि माझ्या सगळ्या हिंदीनिशी त्या माणसावर तुटून पडले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, आपके पिताजी ने ही कहा था, दो अंगुल बढ़ाकर रखो, बढ़ते अंग की है."

बाबा समोरच सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मी विचारलं, "बाबा, असं काऊन सांगतलं तुम्ही?"

"मंग? तुये शाळेचे कपडे कसे घेत होतो? वाढत्या अंगाचेच ना? आठवीतला फ्रॉक दहावीपर्यंत चालला."

"घोडी बारा वर्षांची हाय. आता काय वाढन ते?"

"खाल्लं तं वाढन," बाबा म्हणाले आणि पुढची जुडी घेतली.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोगीर परत जाणार नव्हतं आणि तुळशीचं लग्न काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. म्हणून अक्कल गहाण टाकून आम्ही खोगिराच्या मापाची घोडी करायला घेतली. भिजवलेले चणे, गूळ, मूठमूठ सरकीची ढेप, बाजारातून परत आलेली गाजरं. बाबा पहाटे बैलांच्या आधी तिला घालायचे. रविवारी मी खोगीर चढवलं की शेजारपाजारचे जमायचे आणि एकेक जण खाली हात घालून बघायचा. "मूठ नाई जात आता, पंजाच जाते." पुढच्या खेपेला, "बोटं जातात फक्त." एका काकूंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवून मला विचारलं, दिवस तर नाहीत ना गेले हिला?

दिवाळीच्या आदल्या रविवारी खोगीर बसलं. दोन्ही बाजूंनी सारखं, कुठं फट नाही, कुठं रुतणं नाही. मी वर चढले. फुलकोबीच्या वाफ्याला वळसा घालून तिला गोल घेतलं, तिरपं घेतलं, आणि कंबर जरा सावरली तर ती जागच्या जागी पाय उचलायला लागली. बँड नाही, फटाके नाहीत, नुसता विहिरीवरच्या मोटारीचा आवाज. इतकी सुखी मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

मग मी दिवाळीची सुट्टी टाकली आणि रोज बसले. रोज बसल्यावर घोडीला व्यायाम झाला. व्यायाम झाल्यावर ती उतरली. सुट्टी संपायच्या आत खोगिराखाली पुन्हा बोटं जायला लागली आणि पाठ पुन्हा सुजेल या भीतीनं मी बसणं थांबवलं. म्हणजे बाबांच्या हिशेबानं घोडी पुन्हा उभं जनावरच. घोडी मापात ठेवायची तर मी बसायचं नाही, आणि मी बसले की घोडी मापातून जाणार. वावराच्या बांधावर बसून मी मनातल्या मनात त्या कारागिराला, बाबांना, चण्याला, सगळ्यांना बोलून घेतलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेचच्या रविवारी बँडवाला गाडी घेऊन हजर. बाबा हौदावर मुळे धूत होते. मी गोठ्यात, घोडीच्या गळ्यात हात घालून.

"भाऊ, घोडी न्यायले आलो. आपलं ठरलं होतं."

बाबांनी मान वर केली नाही. "ती कामात हाय."

"कोन्या कामात?"

"वजन वाढवून राह्यली."

बँडवाला हसला. मला हसू आलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, खोगीर तं होत नाई म्हणे तिले. पोरगी बसत नाई. उभं जनावर कायले पोसता मंग?"

बाबांनी मुळ्याची माती खरवडली, तो टोपल्यात टाकला, दुसरा घेतला. मला वाटलं, आता म्हणतील, ने बाबा घेऊन.

"घोडी गेली तं पोरगी कायले येते रविवारी?" ते म्हणाले.

मला रडू आलं. आणि त्याच्या जोडीनं रागही आला, की हे एवढं मला सांगायला या माणसाचं काय जात होतं.