चुन्याखालचा तडा

भिंतीतला तडा किती वाढला हे कळावं म्हणून सासरे दर महिन्याला त्याच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारत. पाहुणे येणार म्हणून मी शहाणीने सगळं चुन्याने झाकलं. नव्या नवरीची अक्कल मेंदीइतकीच टिकाऊ! जमीन सासरच्या माणसांसारखी, जागची हलायची नाही, असं वाटायचं.

आज नात नकाशावर बोट ठेवून म्हणते, "आजी, आपला देश अजून उत्तरेला सरकतोय, वर्षाला दोन-तीन बोटं."

इतक्या धिम्या चालीला कोण घाबरतं? मी चुना लावला त्याच वर्षी भूकंप झाला आणि ती भिंत सासूबाईंवर पडली. सासरे स्मशानातून परतल्यावर मी रडत सगळं कबूल केलं.

ते म्हणाले, "मी त्याच दिवशी पाहिलं होतं, सूनबाई. भिंत छान दिसत होती, म्हणून गप्प बसलो."