कार्डावरची तीन वर्षं

"फोन कोनी कया, इतलंच सांग."

"मी नही कया. कितला सावा सांगू?"

"मंग भूतनी कया? सरकारनी गाडी आपला दारशी उभी राहिनी, आख्खी गल्लीनी दखी. हिलालभाऊले आते काय तोंड दखाडू?"

"तोंड नका दखाडू. पाठ दखाडा."

"रंजना!"

योगराजला हळू बोलता येत नाही. बावीस वर्षं लूमखात्यात काढलेला माणूस. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली आणि कानही अर्धे गेले. घरात मीठ मागितलं तरी चौथ्या घरात कळतं. त्यामुळे सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या त्या गल्लीत त्या गुरुवारी कुणाला खिडकीशी येऊन कान लावावा लागला नाही. जो तो आपापल्या ओट्यावर बसून ऐकत होता.

भांडणाचं कारण तासाभरापूर्वी येऊन गेलं होतं. हेल्पलाइनच्या दोन बायका आणि एक शिपाई. चंचल नावाची सोळा वर्षांची मुलगी या घरात आहे आणि रविवारी तिची हळद आहे, असं कुणीतरी फोनवर कळवलं होतं. योगराजनं पत्र्याच्या पेटीतून चंचलचं आधार कार्ड काढून पुढं ठेवलं. कार्डाप्रमाणे चंचल एकोणीस वर्षांची.

"मैं सोलह की हूँ," चंचल ओट्याजवळून म्हणाली.

"कोई सबूत है, बेटा?" त्यांतल्या थोरल्या बाईनं विचारलं.

चंचलनं आईकडं पाहिलं. बाईनंही पाहिलं. "आप माँ हो ना? आप बोलो. कितने साल की है?"

रंजना म्हणाली, "कार्ड में है वही."

बायकांनी तसं लिहून घेतलं, सही घेतली, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

"आनि एक ध्यानमा ठेव," योगराज चपला शोधत म्हणाला, "कार्ड मी नही कयं. एकोणीस वरीस तू लिखाडी लयनी. मी फक्त लगीन जोडं. मंग सांग, खोटं कोन?"

रंजना पाण्याचे रिकामे पेले उचलू लागली. योगराज होणाऱ्या व्याह्यांची, हिलालभाऊंची समजूत घालायला कोसाडला निघून गेला.

खरं तर उत्तर द्यायला रंजना कधी कमी पडलेली नाही. सुरतेला ती आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून, नवऱ्यामागून, कडेवर पितळी हंडा घेऊन. तिच्या लग्नात वयाबद्दल कुणाला खोटं बोलावं लागलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी गेली आणि चंचलला घेऊन परत आली. मग घरात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम. मग फोल्डिंगच्या युनिटमध्ये. साडीची घडी अशी बसवायची की पदराची बुट्टी बरोबर वरती, खोक्याच्या खिडकीत दिसली पाहिजे. रंजनाची घडी शेठ उलगडून तपासत नसे. पाच-सहा वर्षांत ती 'रंजनाबेन' झाली. कोण बाई कामावर घ्यायची, कोण नाही, हे शेठ तिला विचारून ठरवू लागला.

गल्लीतल्या पोरींचा प्रश्न तिच्यापुढं आला तो इथं. पालिकेची मराठी शाळा आठवीला संपायची. पुढं जवळ होती ती गुजराती शाळा. पोरी भाजीवाल्याशी गुजरातीत हुज्जत घालायच्या, पण गुजरातीत भूमितीचा पेपर लिहिणं निराळं. दोन गेल्या, सहा महिन्यांत परत आल्या. बाकीच्या गेल्याच नाहीत. आठवी झाली की पोर घरात. आणि घरात बसलेली पोर म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्याचा विषय. "काय वं, बठेल शे का? मंग दखा ना एखादं."

रंजनानं ठरवलं, पोरींना घरात बसू द्यायचं नाही. युनिटमध्ये न्यायचं. कमावत्या पोरीला बाप उजवून टाकत नाही, असा तिचा हिशेब. शेठ म्हणाला, "अढार थी नानी नहीं, रंजनाबेन. चेकिंग आवे छे." म्हणजे अठराच्या आतली पोरगी नको.

तेव्हा झेरॉक्सवाला सापडला. तो कुणाचं तरी लेटरपॅड आणायचा, त्यावर जन्मतारखेचा दाखला टाइप करायचा आणि दाखल्यावरून कार्ड निघायचं. पहिल्याच दिवशी त्यानं ब्लाउजचं माप घेताना शिंपी विचारतो तसं विचारलं, "मौसी, कितना बढ़ाना है?"

चंचल पंधराची होती. "तीन," रंजना म्हणाली. तीन वर्षं म्हणजे काय, तीन अखाज्या, अक्षय्य तृतीयेचे तीन सण. झोक्यावर बसून उठेपर्यंत जातात. दाखल्यात पोरगी शाळेत गेलीच नाही असं लिहायचं, म्हणजे कुणी शाळेत विचारायला जाणार नाही, हे झेरॉक्सवाल्यानंच सुचवलं.

चंचलनंतर गल्लीतल्या सुंदराची मुलगी पूजा. पूजानंतर आणखी दहा जणी. गल्लीतल्या आया रंजनाला अखाजीला पुरणाची पोळी आणून देऊ लागल्या. तिनं कुणाकडून रुपया घेतला नाही. चांगलं काम करतोय असंच तिला वाटत होतं, आणि वर्षभर तसं दिसतही होतं. पोरींच्या केसांना क्लिपा आल्या, हातात फोन आले.

योगराजनं कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं, बँकेच्या कामाला. बराच वेळ बघत बसला. मग कोसाडच्या हिलालभाऊंना निरोप धाडला. त्यांचा लखन पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला, कोसाडला स्वतःची खोली, देणंघेणं काही नको. इकडं आईबाप दोघं दिवसभर कामावर, पोरगी फोनवर हसते, गल्लीला तोंडं आहेत. कार्डावर वय झालेलं. मग थांबायचं कशाला? रंजनानं दोनदा म्हणून पाहिलं, अजून लहान आहे. योगराजनं दोनदा कार्ड दाखवलं.

आता घरात दोघीच होत्या. चंचल भांडी घासून झाली तरी घासत होती.

"फोन मी केला," ती म्हणाली.

"माहितीए."

"मग पप्पांना का नाही सांगितलंस?"

"हाणलं असतं तुला."

"आणि त्या बायांना का नाही सांगितलंस?"

रंजनानं तांदूळ निवडायला घेतले.

"मी सांगू का? सुंदरा मावशी शिव्या देईल म्हणून."

"शिव्यांचं काय घेऊन बसलीस? तुझं कार्ड खोटं निघालं की त्या झेरॉक्सवाल्याची सगळी निघतील. तुझ्याशिवाय अकरा पोरी आहेत. शेठ त्याच दिवशी बाहेर काढेल. पूजाचा बाप पाय मोडून पडलाय, चूल तिच्यावर चाललीय."

"पूजाला बघायला आले होते सोमवारी."

रंजनाचा हात थांबला. "कोण?"

"नंदुरबारकडचे. सुंदरा मावशीनं कार्ड दाखवलं त्यांना. वीस वर्षांची आहे म्हणे. मम्मी, पूजा माझ्यापेक्षा लहान आहे. तिला अजून साडी नेसता येत नाही. दिवसाला तीनशे साड्यांच्या घड्या घालते, पण नेसता येत नाही."

"सुंदरा मला बोलली नाही."

"तुला का बोलेल? तू कार्ड करून दिलंस, तुझं काम संपलं."

रंजनानं तांदळातला एक खडा बाजूला टाकला.

"लखन वाईट नाही गं," रंजना म्हणाली. तिलाच ते लंगडं वाटलं.

"मी कुठं वाईट म्हटलं? परवा फोन आला होता त्याचा. लाजत विचारतो, चहात साखर किती लागते. मी म्हटलं, दो चम्मच, भैया."

"भैया म्हणालीस?"

"तोंडातून निघून गेलं. तो पण म्हणाला, ठीक है बेटा."

रंजनाला हसू आलं. चंचलही हसली. मग चंचलनं हात पुसले आणि आईसमोर बसली.

"उद्या शुक्रवार. परवा मेंदी. तू नाही बोललीस तर मी पुन्हा फोन करीन. त्या पुन्हा येतील, पप्पा पुन्हा कार्ड दाखवतील. माझ्या बोलण्याला किंमत नाही, मम्मी. तुझ्या आहे."

शुक्रवारी सकाळी रंजना कामावर गेली नाही. शेठला फोन करून पोट दुखतंय म्हणाली आणि चंचलच्या जुन्या शाळेत गेली. चंचलचं पहिलीत नाव घातलं तेव्हाचे सुकदेव गुरुजी अजून तिथंच होते, केस तेवढे पांढरे झाले होते.

"चंचलच्या जन्मतारखेचा दाखला पाहिजे, सर."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, गेल्या वर्षी तुम्हीच येऊन सांगून गेलात. कुणी विचारलं तर म्हणा, ही पोरगी शाळेत आलीच नाही."

"तेव्हा म्हटलं होतं."

"आणि आता?"

"आता आली होती."

गुरुजी हसले नाहीत. मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवत पान शोधलं. नऊ फेब्रुवारी दोन हजार नऊ. शेजारी रंजनाची वाकडी सही, पहिलीत नाव घातलं त्या दिवशीची. त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला. "माझ्याकडून आठवी होऊन गेल्या त्यातल्या किती तुमच्या युनिटमध्ये आहेत?" त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारत विचारलं. "जाऊ द्या. मी विचारलं नाही."

तिथून ती हेल्पलाइनच्या ऑफिसात गेली; कालची थोरली बाई तिथं होती. तिनं रंजनाला ओळखलं आणि समोरची खुर्ची दाखवली. दाखला वाचला. पुन्हा वाचला.

"कल क्यों नहीं बोली, बेन?"

"कल आदमी सामने था."

"आदमी से डर लगता है?"

रंजनानं विचार केला. "नहीं. आदमी को तो मैं देख लेती हूँ."

बाईनं पुढं विचारलं नाही. फोन फिरवले. एक चौकीला, एक कोसाडला. दुसऱ्या फोनवर हिलालभाऊंचा आवाज रंजनाला टेबलापलीकडं ऐकू येत होता; आधी चढलेला, मग उतरत गेलेला. लखनचा आवाज एकदाच आला. "ठीक है मॅडम." त्यात सुटका होती की अपमान, ते कळलं नाही. बाईनं फोन ठेवला आणि म्हणाली, हे लग्न होणार नाही. अठरा पुरी होण्याआधी कुणी लावायला गेलं तर दोन्ही घरांवर आणि भटजीवर केस होईल. आज संध्याकाळी ती स्वतः येऊन योगराजला समजावेल. मोठ्यानं समजावा, रंजना म्हणाली, त्यांना कमी ऐकू येतं.

मग जबाब. बाई लिहीत गेली, रंजना सांगत गेली. नाव, गाव, लग्नाचं वय. "पंद्रह," रंजना म्हणाली, आणि बाईनं मान वर न करता पंधरा लिहिलं.

"ये कार्ड किसने बनवाया?"

"मैंने."

पेन थांबलं. "आपने? अपनी ही बेटी का?"

रंजनानं सांगितलं. शाळा आठवीपर्यंत, मग घर, मग पाहुणे, मग युनिट, शेठची अठराची अट. सरळ, ओळीनं सांगितलं, जसं नव्या बाईला काम समजावते तसं. झेरॉक्सवाल्याचं दुकान कुठं आहे तेही सांगितलं. तो तसाही दुकान बदलणार होता, तिथं बाकीच्या पोरींचं काही सापडलं नसतं.

बाईनं नवा कागद घेतला.

"युनिट में ऐसी और लड़कियाँ हैं?"

बाहेरच्या बाकावर कुणीतरी बाळाला थोपटत होतं.

"आपकी गली की? देखो बेन, मैं उनको तकलीफ़ नहीं दूँगी. पण आज तुमारी दीकरी का रुक गया, क्योंकि माँ आयी. बाक़ियों का मुझे कौन बतायेगा?"

सांगावं तर उद्या अकरा चुली विझतील, सुंदराच्या घरची आधी. न सांगावं तर नंदुरबारचे पाहुणे पुन्हा येतील, बहुतेक याच महिन्यात, कार्डावरची वीस वर्षं बघून.

"एक नाम ही बोलो," बाई म्हणाली. "जिसका सबसे जल्दी है."

रंजनानं दाखल्याची झेरॉक्स घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. खुर्ची जशी होती तशी टेबलाखाली सरकवली. बाई पेन धरून तिच्याकडं बघत होती. रंजना दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि पूजाचं नाव न सांगताच जिना उतरून गेली.