क्रूसामागचा ताड

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. श्रद्धेविषयी लिहिण्याइतकं मला कळत नाही, तेव्हा आधीच माफी मागतो. करंजाड्यात आमच्या सोसायटीबाहेर रस्त्याचं काम चाललंय. उकळत्या डांबराचा वास आला आणि मला पास्कूमामाची डांबर फासलेली होडी आठवली.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. संध्याकाळी आम्ही खाडीतून गावाकडे परतत होतो. मामाने सुकाणू माझ्या हातात दिलं होतं. मी शिडाखालून किनाऱ्यावरच्या चॅपलचा क्रूस बघत बसलो होतो.

"चाललास कुठं, खडकावर?" मामा म्हणाला.

"क्रूसाकडेच चाललोय ना."

"नाक क्रूसाकडं हाय. होडी वाहात चाललीय. पाठचा ताड कुठं गेला बघ."

टेकडीवरचा ताड क्रूसाआडून बाजूला सरकला होता. माझ्या हातावर हात ठेवून मामाने सुकाणू वळवलं आणि क्रूस न् ताड पुन्हा एका रेषेत आणले; ते तसे दिसले की होडी खडक चुकवून बरोबर वाटेवर असायची. "येशूकडं बघत बघत पन मानूस भरकटतो रे. पाठची निशानी सोडू नको."

त्याच वर्षी आम्ही गाव सोडलं. आता पदवी हाताशी आलीय, पण पुढे कुठे जावं ते कळत नाही. रोज प्रार्थना करतो, तरी वाहत चाललोय असं वाटतं. तो खरखरीत हात हवासा वाटतो. निदान तो ताड एकदा बघून यावा म्हणून काल मामीला फोन केला.

"ताड?" मामी हसली. "तुमी गेलात त्याच सालच्या वादळात पडला तो. तुझा मामा अजून त्याच जागेवर बघतो, न् रोज नीट घरी येतो."