केतकीच्या माईकचे बटण

जे सांगतो आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हते. ती गेली, तरी मी गप्पच राहिलो. तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते — तसे ते नाही.

धारचा माझा पुतण्या लोकांना सांगतो, की देवासच्या शाळेत काकांना ते नवे यंत्र उमगलेच नाही. खोटे आहे. माझे जुने सहकारी म्हणतात, यंत्रच सदोष होते. तेही खोटे. या दोन्ही दयाळू कहाण्या मला नकोत. यंत्र उत्तम होते, आणि मला ते पहिल्याच दिवशी समजले होते.

माझ्या वर्गातली केतकी जन्मतः बहिरी. शस्त्रक्रिया करून तिला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेले. वडील जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. भरल्या वर्गाच्या कोलाहलात शिक्षकाचा आवाज तिला नीट ऐकू यावा, म्हणून त्यांनी मुंबईहून बिनतारी माईक आणला. तो मी गळ्यात घालायचा. माझे बोलणे थेट तिच्या कानात. शाळा हिंदी माध्यमाची, पण तिची आई मला म्हणाली, “सर, तुम्ही आपले, म्हणून हट्टाने तुमच्याच वर्गात घातलंय. मूकबधिरांच्या शाळेत नाही पाठवायची मला तिला.”

रोज सकाळी केतकी माईक सुरू करी आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरी.

एकदा मधल्या सुट्टीत तो गळ्यात तसाच ठेवून मी शेजारच्या शिक्षककक्षात गेलो. एकाने टोमणा मारला, “क्यों मास्साब, गले में आकाशवाणी टाँग ली?” सगळे हसले. माझा आवाज माईकवाचून शेवटच्या बाकापर्यंत जाई — त्याचा मला केवढा अभिमान! मी उत्तरलो, “क्या करें भिया, दीवार को पढ़ाना है, भोंगा तो लगेगा।” हशा दुप्पट झाला. मग माझा हात माईकला लागला. त्याचा दिवा लुकलुकत होता; तो सुरूच होता.

वर्गात परतलो. केतकीपुढे डबा उघडा होता, पोळीला हात लावलेला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले. रडली नाही.

क्षमा मागता आली असती, नाही का? पण एवढ्याशा मुलीची — आणि मी? त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून, फळ्याकडे वळता वळता, तिने सुरू करून दिलेला माईक मी बंद करू लागलो. तिने मला ऐकले होते, हे मला सोसवत नव्हते — बस, एवढेच. तिला कळत नसेल? कानातला आवाज एकाएकी तुटल्यावर? कळत होते. रोज कळत होते. आणि तरीही ती रोज सकाळी माईक सुरू करूनच देई. घरी मात्र तिने अवाक्षर काढले नाही.

ती मागे पडू लागली. आई विचारायला आली, तेव्हा मी म्हणालो, “यंत्र तपासून घ्या.” त्यांनी इंदूरला जाऊन तपासून घेतले. आई पुन्हा आली. “मशीन तर ठीक आहे म्हणाले, सर. मग?”

मग — इथवर येण्याचेच मी टाळत होतो — मग मी म्हणालो, “मुलीचीच कुवत तेवढी. उगीच ओढाताण करू नका तिची.”

आईने विश्वास ठेवला. मी ‘आपला’ होतो ना? वर्षअखेरीस केतकीचे नाव इंदूरच्या मूकबधिरांच्या निवासी शाळेत घातले.

निरोप घ्यायला दोघी घरी आल्या. निघताना केतकी एकटी मागे वळली आणि तिने वाकून नमस्कार केला. माझे ओठही हलले नाहीत. दाराबाहेर चपला घालत असलेल्या आईने, लेकीचे ऐकणे पारखण्याच्या नित्याच्या सवयीने, विचारले, “काय म्हणाले गं सर?”

“खूप मोठी हो म्हणाले,” केतकी स्पष्ट बोलली.

इतरांचे म्हणणे खोडून काढण्यात माझा जन्म गेला. ते मात्र मी खोडले नाही.