बंड्याची गोधडी

आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. असला गाढवपणा अख्ख्या सदाशिव पेठेत दुसऱ्या कुणी केला नसेल!

आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू येणार होतं हो! धायरीच्या मित्राच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, त्यातला तपकिरी कानांचा बंड्या आमचा. मी तर फोटोवरच फिदा! फक्त आईची एक अट होती. घरात आई, मी, बायको मुग्धा आणि ठमी मांजर. यातल्या एकाशी जरी पटलं नाही, तर त्याच दिवशी धायरीला रवानगी.

मग मी काय केलं असेल? गोधडी शिवली! पिल्लू वासानं ओळखतं ना? म्हणून आईची रोजची साडी, मुग्धाची ओढणी, ठमीच्या टोपलीतलं फडकं. तेही न धुतलेलं! साडी तर भिजवायच्या बादलीवरून पळवली. शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही मला, पण दोन दिवस बोटं टोचून घेतली आणि गोधडी धायरीला पाठवली. आठवडाभर बंड्या तिच्यावरच झोपला.

रविवारी मुग्धा त्याला स्कूटरवरून घेऊन आली. मी ठमीला धरून दारात उभा. बंड्या खाली उतरला तो थेट आईच्या पायाशी लोळला. आई चक्क विरघळली. ठमीनं त्याला दोनदा हुंगलं आणि कान चाटायला लागली. जिंकलो की राव!

मी हात पुढे केला. बंड्या गुरगुरला.

बिस्कीट दिलं. बिस्कीट खाल्लं आणि गुरगुरला. शेवटी गोधडी डोक्यावर घेऊन रांगत गेलो, तर पठ्ठ्या गोधडी ओढून घेऊन माझ्यावरच भुंकायला लागला.

आईनं गोधडी उलटसुलट करून पाहिली. "यात तुझं काय लावलंयस?"

काय सांगणार? माझे सगळे शर्ट चांगले होते हो. कापायला जीवच झाला नाही!

"ठरलं होतं ना, नाही पटलं तर धायरी?" आई म्हणाली.

मी हातच जोडले. "अगं आई, लहान आहे तो. नको ना पाठवूस."

"त्याला कोण पाठवतंय? त्याचं सगळ्यांशी पटतंय. तू तुझी बॅग भर."

मुग्धानं स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.