प्लग काढलेल्या चौथ्या मशीनची मेल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या कोथरूडच्या घरी राशिभविष्याच्या पानावर भाजी निवडतात. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर हसायलाच येत होतो. आज लिहितोय त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

हिंजवडीत काचेच्या इमारती आल्या होत्या, पण रस्ते अजून बैलगाडीचेच होते, त्या काळातली गोष्ट. आमची छोटीशी कंपनी होती. पेशंटच्या उशाशी सलाइनचा पंप असतो ना, थेंब मोजून औषध सोडणारा — त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. पंपाच्या चार पिढ्या, प्रत्येकीत वेगळी चिप. त्यामुळे एकच प्रोग्रॅम चार वेगवेगळ्या कंपायलरमधून काढावा लागे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषी. चार दुभाषी आणि चौघांच्या चार तऱ्हा.

हे हाताने करताना जीव जायचा, म्हणून मी कोपऱ्यातल्या खोलीत चार मशीन मांडली. कुणीही कोड बदलला की चारही मशीन आपापल्या चिपसाठी प्रोग्रॅम तयार करणार, टेस्ट चालवणार आणि निकालाची मेल पाठवणार — पास किंवा फेल. या व्यवस्थेचा मला फार अभिमान होता.

चौथं मशीन सगळ्यात जुन्या पंपांचं. असे चाळीसच पंप बाहेर होते. त्याची एक टेस्ट मधूनच रुसायची... दहादा पास, अकराव्यांदा फेल. नवीन सॉफ्टवेअर पाठवायची, म्हणजे रिलीजची तारीख डोक्यावर, सगळं हिरवं आणि हे एकच लाल. मी वैतागलो. म्हटलं, म्हातारा कंपायलर आहे, कुरकुरायचाच. ती टेस्ट मी यादीतून गुपचूप काढून टाकली. रिपोर्ट हिरवा आला, रिलीज गेलं आणि आमच्या बॉसनी, जोगळेकर सरांनी, सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

पुढे पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. जोगळेकर सर मूळचे भोसरीच्या कारखान्यातले. ते म्हणाले, "आज हत्यारांना विश्रांती. नुसतं शटडाउन नको, प्लग काढा." चारही मशीनचे प्लग मी स्वतः काढले. वायरी गुंडाळून मशीनवर ठेवल्या, त्यावर झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता. डेस्कवरचे कॉम्प्युटर तेवढे चालू होते, कारण परदेशातल्या क्लायंटला नवमी थोडीच असते.

पेढे खाऊन लोक पांगले. दुपारी एकच्या सुमारास मी कंपनीच्या बसची वाट बघत डेस्कवर बसलो होतो... आणि मेल आली. पाठवणारं चौथं मशीन. आत एकच ओळ: फेल – ४१७.

मला वाटलं, कुणीतरी प्लग लावला. खोलीत गेलो. चारही वायरी गुंडाळलेल्या तशाच होत्या, अक्षतासुद्धा हललेल्या नव्हत्या. मी एकेका मशीनला हात लावून पाहिला. तीन गार होती. चौथं कोमट होतं.

शेजारच्या खोलीत सर्व्हिसचे शेखसाहेब डबा खात होते. पंप कुठे विकला, कधी दुरुस्त केला याचं रजिस्टर तेच ठेवायचे. मी विचारलं, "साहेब, ४१७ म्हणजे काय असेल?"

"पंपाचा नंबर आहे हा," ते घास थांबवून म्हणाले. "जुन्यातला. शिरूरकडच्या एका दवाखान्यात आहे. मागच्याच आठवड्यात आमच्या पोरांनी तुमचं नवीन सॉफ्टवेअर घातलं त्यात. का हो?"

मी रजिस्टरमधून दवाखान्याचा फोननंबर काढला. तिथूनच फोन लावला. सिस्टरने उचलला.

"पंप चालू हाय की साहेब. एका बाळंतिणीला लावलाय."

"किती थेंबांवर?"

"मिनिटाला दहा."

"जरा घड्याळ लावून मोजता का?"

ती मोजू लागली. मोठ्याने, एकेक. वीस सेकंदांत चौदावर गेली आणि तिचा आवाज थांबला. मग म्हणाली, "बंद केला, साहेब."

ती बाई वाचली. मी शेखसाहेबांच्या खुर्चीत बसून रडलो.

संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन टेस्टचं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "मशीनने खरं सांगितलं, तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. आता एकेक पंप परत आणा. स्वतः जाऊन," एवढंच म्हणाले. दोन महिने मी एसटीने हिंडलो. एकोणचाळीस पंप परत आणले. चाळिसावा, नंबर ४३३, मिळाला नाही. तो दवाखाना बंद पडून सामान विकलं गेलं होतं. त्यातही माझं रिलीज घातल्याची नोंद रजिस्टरमध्ये होती.

मेलबद्दल मी खूप शोधलं. सर्व्हरवर जुनी मेल अडकून उशिरा आली असेल, असं सिस्टीमवाल्यांचं म्हणणं. असेलही. पण चौथ्या मशीनला पंपांचे नंबर कुणी कधी दिलेच नव्हते. त्याला फक्त टेस्टची नावं ठाऊक होती.

पुढे कंपनी बंद झाली. चौथं मशीन मी स्वतः उघडलं, त्याची डिस्क मोडून भंगारात दिली. मेलचा तो पत्ताही आज अस्तित्वात नाही. शेखसाहेब वारले. या गोष्टीला इतकी वर्षं झाली की मीही ती स्वतःला जरा सौम्य करून सांगायला लागलो होतो.

यंदाच्या खंडेनवमीला दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरला माळ घालत होतो. खिशातला फोन वाजला. तोच पाठवणारा, तशीच एक ओळ.

फेल – ४३३.

याचा उलगडा मला झालेला नाही, आणि आता तो नकोही आहे. मला फक्त तो पंप हवाय. जुन्या सामानवाल्यांना आणि लहानमोठ्या दवाखान्यांना मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन लावतोय. बहुतेक जण वेडा समजून ठेवून देतात. म्हणून इथे लिहितोय. तुमचं कुणी अॅडमिट असेल तर सलाइनच्या पंपामागे वाकून बघा. करडा, चौकोनी पंप, मागे पत्र्याच्या पट्टीवर नंबर कोरलेला आहे. ४३३ दिसला तर मला कळवत बसू नका. आधी सिस्टरला बोलवा आणि तो बंद करायला लावा.

त्या वेळी मेल आल्यापासून पंप बंद होईपर्यंत जेमतेम वीस मिनिटं गेली होती. या वेळी मेल येऊन चार दिवस झालेत.