चौतीस गुण आणि बरोबर उत्तरं

मॅट्रिकच्या आधीच्या चाचणीत मला गणितात चौतीस गुण पडले. सहामाहीत ब्याऐंशी होते. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्याचा आला. पण अक्षर माझंच होतं आणि उत्तरंही बरोबर होती. फक्त बहुतेक उत्तरांपुढे तांबड्या शाईत एकच शब्द होता, 'रीत?'

जुने गणिताचे मास्तर मला ओळखून होते. उत्तर बरोबर दिसलं की पुढे जात. ते दिवाळीत निवृत्त झाले आणि पुण्याहून नवे आले. त्यांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी तुला दिवाळीपासून पाहतोय म्हणून चौतीस तरी दिले. मॅट्रिकचा परीक्षक तुला ओळखत नाही. नुसतं उत्तर पाहून तो म्हणेल, पोरानं शेजारच्याचं पाहिलं."

त्या दिवसापासून मला एकच आकडा दिसत होता, साठ. पुण्यात एक वसतिगृह होतं. तिथे आमच्यासारख्या गरीब घरच्या मुलांना जेवणाखाण्यासकट फुकट ठेवून घेत, पण मॅट्रिकला गणितात साठ हवेत अशी त्यांची अट होती. ती जागा नाही तर कॉलेज नाही. आमच्या घरात यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही, इतकं ते उघड होतं.

माझं घर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. धुळ्याला मी खोली घेऊन शिकत होतो. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची शाळा दुसरीत सुटली, पण पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे त्यांच्या जिभेवर होते. मला चालता येऊ लागलं तशी त्यांनी ते माझ्याही जिभेवर बसवले. बांधावरून जाताना मागे न पाहता विचारायचे, साडेसात मणाची एक गाडी, तर साडेबारा गाड्या? पुढचं पाऊल पडायच्या आत 'पावणेचौऱ्याण्णव' यायला हवं. आमच्याकडे हिशेबाला पाटी घेणं म्हणजे नाचक्की. भावकीतला एकजण पाटीवर आकडे मांडायचा, तर लग्नात जेवणाच्या पंगतीलासुद्धा लोक त्याची टिंगल करत. मीही करायचो.

आबा कामासाठी धुळ्याला आले तेव्हा मी पेपर त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी दोन-तीन उदाहरणं माझ्याकडून वाचून घेतली आणि डोळे मिटून पडताळली.

"उत्तर बराबर शे ना? मंग त्यासले आखो काय जोयजे?"

"रीत पाहिजे, आबा. कसं आलं ते लिहून दाखवायचं."

"कसं म्हंजे? डोकामां येस तसं येस."

ते मला घेऊन थेट मास्तरांकडे गेले. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, एक कठीण उदाहरण घातलं. आबांनी उत्तर दिलं. मास्तर कागदावर मांडत गेले आणि बऱ्याच वेळाने त्याच उत्तराला पोचले. "भाऊ, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण परीक्षकाला डोक्यातलं दिसत नाही." आबा उठले. बाहेर आल्यावर त्यांनी मला पाठीवर थोपटलंही नाही, सरळ मोटारस्टँडची वाट धरली. मला त्यांचा संताप आला. हेच पाढे गळ्यात बांधून मला बुडवलं यांनी, असं मनात आलं, आणि ते मनातून गेलं नाही.

मग मी रीत घोकू लागलो. आधी उत्तर डोक्यात येई आणि त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या पायऱ्या मी उलट्या रचत बसे. महिन्याभरात भलतंच सुरू झालं. उत्तर येई, पण खरं वाटेना. लिहून पाहिल्याशिवाय विश्वास बसेना, आणि लिहिताना हात अडखळे. एकदा अंघोळ करताना सहज अडीचकी म्हणायला गेलो तर सतरापाशी थांबलो. अंगावरचं पाणी तसंच ठेवून मी उभा राहिलो. जुनं जात होतं आणि नवं आलं नव्हतं. हे कुणाला सांगायचं? कुणालाच सांगितलं नाही.

परीक्षेत मी प्रत्येक पायरी लिहिली. सुबक लिहिली. घंटा झाली तेव्हा तीन उदाहरणं कोरी होती.

गणितात बावन्न पडले. वसतिगृहाचं कार्ड आठवड्याने आलं, दोन ओळींचं. मी ते खळ्यात आबांना वाचून दाखवलं. ते बैलांना वैरण टाकत होते. हातातली पेंडी त्यांनी खाली ठेवली.

"चूक मन्ही शे," ते म्हणाले. "मीच तुले लिखू दिधं नही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी चार महिने टपून बसलो होतो. 'नाही आबा, तुमची चूक नाही' एवढंच आता मला म्हणायचं होतं. मी कार्डाची घडी घातली, ते खिशात टाकलं आणि घरात गेलो.